अंधाराचा वाटा

२०२३च्या फेब्रुवारीअखेर आमच्या शहरात रात्री भटकायला निघणाऱ्यांची गर्दी उसळली होती. जी-२० मधल्या डब्ल्यू-२० या महिला गटाची पहिली बैठक २७ आणि २८ फेब्रुवारीला इथं भरायची होती. शहराच्या ‘छत्रपती संभाजीनगर’ या नव्या नावाला केंद्राची मंजुरी त्याच आठवड्यात मिळालेली. जुनं नाव तोंडात आणि नवं कागदावर, अशी सगळ्यांची अवस्था. त्यात काही वर्षांच्या खंडानंतर वेरूळ-अजिंठा महोत्सवही त्याच दिवसांत सोनेरी महालात भरला. जालना रोडवर दुभाजक रंगले, भिंतींवर चित्रं आली, उड्डाणपुलांवर रंगीत झोत पडले, झाडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. लोक लेकरांना गाडीवर पुढं-मागं बसवून ‘लायटिंग बघायला’ निघत. मीही निघालो. आवडलंही, खोटं कशाला बोलू? नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या शहराला चार दिवस झळाळी मिळाली, तर ती कुणाला नको असते?

भिंतींवर मोर होते, वाघ होता, आणि अशा ठिकाणी हमखास असतो तसा वारल्यांचा तारपा नाच होता. वारली चित्रं मला प्रिय आहेत. जिव्या सोमा मशे यांनी ती घराच्या कुडावरून उचलून जगापुढं नेली, हे त्यांचे उपकारच. पण वारल्यांचा डहाणू-तलासरीचा मुलूख इथून किती लांब! आमच्या जिल्ह्यात कन्नड, सोयगाव, सिल्लोडच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल आहेत, ठाकरवाड्या आहेत. त्यांची एक रेघ मला त्या भिंतींवर दिसली नाही. ‘आदिवासी’ म्हटलं की वारली आणि ‘वन्यजीव’ म्हटलं की वाघ, एवढ्यावर आपलं भागतं. एका कडुनिंबाखाली थांबलो होतो. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि झाडावर साळुंक्या भर संध्याकाळसारख्या कलकलत होत्या. खाली बुंध्यापासून फांद्यांपर्यंत निळे दिवे. शेजारी एक गृहस्थ मुलीला म्हणाले, “बघ, पक्ष्यांनापण आवडलंय.” मला तसं वाटलं नाही. दिवस मावळला की नाही, याचा निर्णय त्या बिचाऱ्यांना करता येत नव्हता. पुढच्याच वर्षी मुंबईत झाडांवरच्या रोषणाईचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथल्या महापालिकेला माळा उतरवाव्या लागल्या.

तेव्हापासून प्रकाशाच्या या नव्या कलेकडे मी जरा संशयानं आणि जरा कुतूहलानं पाहतो. जगभर ती चालू आहे. सिडनीत २००९ पासून ‘व्हिव्हिड’ भरतो, ऑपेरा हाउसच्या पाकळ्यांवर चित्रं सरकतात. वितळणारे हिमनग, नामशेष होणारे पक्षी, प्रवाळ, वणवे, असे विषय इमारतींवर दाखवायची आता रीतच पडली आहे. त्यात मला खराखुरा वाटतो तो ऑस्ट्रेलियाच्या पोटातला, ॲलिस स्प्रिंग्जचा ‘पर्रट्जिमा’. २०१६ पासून तिथं मॅकडॉनेल डोंगररांगेचा दोन किलोमीटरहून लांब कडा रात्री दिव्यांनी उजळतात आणि मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कलावंतांची चित्रं प्रकाशात मांडतात. तो डोंगर ज्यांच्या पूर्वजांच्या कथांचा आहे, त्या अरेर्न्ट लोकांचा शब्द तिथं चालतो. डोंगर त्यांचा, गोष्ट त्यांची, दिवा तेवढा नवा.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथं दर ११ सप्टेंबरला, पडलेल्या दोन मनोऱ्यांच्या आठवणीसाठी, ८८ दिव्यांचे दोन निळे खांब रात्रभर आकाशात उभे राहतात. सप्टेंबर म्हणजे पक्ष्यांच्या स्थलांतराचे दिवस. छोटे पक्षी रात्री उडतात, त्या झोतात शिरतात आणि बाहेरची वाट हरवून त्यातच घिरट्या घालत बसतात. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात रडार लावून पाहिलं, तेव्हा सात रात्रींत मिळून सुमारे अकरा लाख पक्षी या दिव्यांमुळं भरकटल्याचं दिसलं. दिवे विझवले की काही मिनिटांत ते पांगतात, हेही दिसलं. म्हणून तिथं आता पक्षी मोजणारे लोक रात्रभर बसतात. झोतात हजारावर पक्षी दिसले की वीस मिनिटं दिवे बंद. एवढ्या मोठ्या शोकाच्या स्मारकाला आपला दिवा पाखरांसाठी मालवावासा वाटतो, हे मला त्या दोन खांबांपेक्षाही उंच वाटतं.

हे सगळं लांबचं. प्राण्यांविषयीची सर्वांत थोर चित्रं, जी पाहणं हाच मुळी उजेडाचा खेळ आहे, माझ्या घरापासून शंभर किलोमीटरवर आहेत. वाघूर नदीच्या नालेच्या आकाराच्या दरीत, तीस लेण्यांच्या अजिंठ्यात.

अजिंठ्याला आपण पद्मपाणी बघायला जातो. पोस्टरनी तशी सवय लावली आहे. पण सतरा क्रमांकाच्या लेण्यात नीट उभं राहिलं तर समोर जे येतं ते रान आहे. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या हरिषेणाच्या काळात, कुणा चित्रकारांनी तिथं जातककथा रंगवल्या. त्यांत बोधिसत्त्व बहुतेक वेळा जनावर असतो. सहा दातांचा छद्दंत हत्ती: राणीच्या हट्टापायी पारधी त्याचे सुळे कापायला येतो, त्याला ते कापता येत नाहीत, तेव्हा हत्तीच त्याला मदत करतो. रुरू नावाचं सोनेरी हरीण: बुडणाऱ्या माणसाला ते पाण्याबाहेर काढतं आणि तोच माणूस बक्षिसाच्या लोभानं राजाला त्याचा ठावठिकाणा सांगतो. आंधळ्या आईला भरवणारा हत्ती: राजाच्या गजशाळेत बांधला गेल्यावर तो घासाला तोंड लावत नाही. आपल्या अंगाचा पूल करून टोळीला पलीकडं पोचवणारा वानरराजा. फाशात अडकलेला हंस आणि त्याला सोडून न जाणारा दुसरा हंस. छद्दंताची कथा तर दहा क्रमांकाच्या लेण्यातही आहे, आणि ते लेणं सतरापेक्षा काही शतकं जुनं. म्हणजे पारधी आणि हत्ती यांच्यातला हा तंटा आमच्या डोंगरात दोनदा, शेकडो वर्षांच्या अंतरानं रंगवावासा वाटला. पर्यावरणावरची आजची पुष्कळ प्रदर्शनं पाहताना मला हे आठवतं. माणसाची हाव, जनावराची उदारता आणि शेवटी पस्तावलेला राजा. आजच्या कथेत पस्तावलेला राजा तेवढा दिसत नाही.

ही चित्रं रंगवायला उजेड कुठून आला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी तेलाचे दिवे म्हणतं, कुणी बाहेर धरलेले धातूचे आरसे, कुणी अंगणात साठवलेलं पाणी. पाहायला उजेड कुठून आणायचे, ते मात्र माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे. लेण्याबाहेर उन्हात एक कर्मचारी चकचकीत पत्रा मारलेली फळी घेऊन बसायचा. ऊन पत्र्यावर झेलून तो दारातून आत फेकायचा. आत दुसरा एक पांढरं कापड ताणून उभा. कापडावर पडलेलं ऊन मवाळ होऊन भिंतीवर पसरायचं आणि इतका वेळ काळपट डाग वाटलेल्या जागी हत्तीची सोंड वळायची. सूर्य सरकतो, त्यामुळं बाहेरच्याला फळी सारखी हलवावी लागे. ढग आला की चित्र गेलं. “थांबा जरा, येईल,” असं तो कापडवाला शांतपणे सांगायचा आणि वीस-पंचवीस माणसं अंधारात मुकाट उभी राहायची. एका चित्रासाठी माणसं ढगाची वाट बघताहेत, असं दृश्य मी पुन्हा कुठं पाहिलेलं नाही.

आता आत मंद, थंड दिवे आहेत. ते योग्यच आहे. नाजूक रंगांवर पन्नास लक्सच्या वर उजेड पडू नये, असा संग्रहालयांचा दंडक आहे. फ्लॅशला तर बंदीच. पण बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आलेला पाहुणा पहिल्या अर्ध्या मिनिटात “काहीच दिसत नाही” म्हणतो आणि निघतो. डोळ्यांना अंधार पूर्ण उमगायला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागतो, हा शरीराचा धर्म आहे. मार्गदर्शकाला तेवढ्या वेळात चार लेणी उरकायची असतात. बिनॉय बहल यांनी १९९१-९२ मध्ये इथं जवळजवळ अंधारातच, कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवून छायाचित्रं काढली, तेव्हा अंगचे असे रंग समोर आले की या चित्रांना कुणी आजवर नीट पाहिलंच नव्हतं की काय, असं वाटावं. जास्त उजेड टाकला म्हणजे जास्त दिसतं, हा समज अजिंठ्यात टिकत नाही.

उजेडाची आणि घाईची या भिंतींनी भरपूर किंमत मोजली आहे. निजामाच्या राजवटीत १९२०-२२ च्या सुमाराला चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन जाणकार बोलावले गेले. त्यांनी रंग पक्के राहावेत म्हणून लाखेचा थर दिला. त्या वेळी चित्रं चमकली. पुढं थर पिवळा पडला आणि त्याखाली रंग दबले. वटवाघळांची विष्ठा, पावसाळ्यात बेसॉल्टच्या भेगांतून पाझरणारं पाणी, हजारो श्वासांची वाफ. आणि किडे. भाताचा कोंडा, गवत, झाडांचे तंतू मातीत मळून केलेला तो गिलावा किड्यांना गोड लागतो. भिंतीवर जनावरांची महती आणि भिंतीच्या आत जनावरांची पंगत. आमच्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सरदेसाई आणि पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंग यांनी २०१६ मध्ये वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं मांडलं. त्या तंतूंमुळं वेरूळचा गिलावा किड्यांपासून बराच बचावला, असं त्यांचं म्हणणं. वेरूळचे कारागीर अजिंठ्याच्या अनुभवातून शहाणे झाले असतील का? असतील, असं मानायला मला आवडतं.

वेरूळचाच उजेडाचा आणखी एक खेळ आहे. दहा क्रमांकाच्या लेण्यात, मार्चच्या दहा तारखेच्या आसपास, उतरत्या दुपारी सूर्याची किरणं दर्शनी गवाक्षातून आत येऊन थेट बुद्धमूर्तीवर पडतात. दरवर्षी बघायला लोक जमतात. विजेचा एक युनिट लागत नाही, आणि थोड्या वेळानं खेळ आपोआप संपतो.

पुन्हा अजिंठ्याकडं. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला या दरीत आला आणि त्याला लेणी दिसली, हे शाळेपासून पाठ आहे. ‘शोध लावला’ असं पुस्तकं म्हणतात. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव नि तारीख कोरली, बोधिसत्त्वाच्या चित्रावरच. त्याला वाट दाखवणारा स्थानिक मुलगा होता, अशी आख्यायिका आहे. मुलाचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्यानंतरच्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात या दरीची दोन भयं सारखी येतात: वाघ आणि भिल्ल. म्हणजे लेणी कुणाला तरी माहीत होतीच. त्या कुणाची मोजणी साहेबाच्या वहीत श्वापदांच्या रांगेत झाली. १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. त्याच्या नावाचा घाट आजही कन्नडहून चाळीसगावला उतरतो आणि १९८६ च्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या नावातही तो आहे. भिल्लांच्या रानाला भिल्लांना वठणीवर आणणाऱ्याचं नाव, याचा विचार करायला हरकत नसावी.

१८४४ पासून रॉबर्ट गिल इथं राहून चित्रांच्या नकला करत होता. तोही शिकारी. त्याच्याबरोबर राहिलेली पारो इथल्याच मुलखातली, आदिवासी असं सांगतात. १८५६ मध्ये ती गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांनी त्यांच्यावर दीर्घ कविता लिहिली, २०१२ मध्ये सिनेमाही निघाला. गिलच्या बहुतेक नकला १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. नंतर ग्रिफिथ्सनं मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन बारा-तेरा वर्षं केलेल्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच, साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या दुसऱ्या आगीत गेल्या. इथल्या अंधारात दीड हजार वर्षं राहिलेलं, तिकडच्या लखलखाटात वीसेक वर्षांतच दोनदा जळलं.

आपल्या काळाचा दाखला द्यायचा तर, फर्दापूरच्या तिठ्याजवळ २०१३ मध्ये मोठं अभ्यागत केंद्र उभं राहिलं. मूळ लेण्यांवरचा ताण कमी व्हावा म्हणून १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती तिथं केल्या. कल्पना फार चांगली होती. तिथं हवा तेवढा उजेड टाकता आला असता, रात्रीच्या गोष्टी रंगवता आल्या असत्या. पण पाणी आणि विजेची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं.

खरे प्राणी मात्र अंधारातून येत-जात राहिले. २०२१ च्या मार्चमध्ये गौताळ्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरातून तीनशेहून अधिक किलोमीटर, बहुतेक रात्रीच, शेतं, ओढे, हमरस्ते ओलांडत तो इथं पोचला. कित्येक दशकांनी या डोंगरात वाघ दिसला होता. २०२४ च्या जुलैत तर बिबट्या थेट शहरात, उल्कानगरीत. सीसीटीव्हीत तो एका गल्लीतून शांतपणे चालत जाताना दिसला आणि पुढं कित्येक दिवस वन खात्याची माणसं पिंजरे लावून बसली. तो सापडला नाही. आमच्या सोसायटीनं लगेच वर्गणी काढून चारी कोपऱ्यांत फ्लडलाइट लावले. बिबट्या कधीच निघून गेला, फ्लडलाइट राहिले. खिडकीला जाड पडदे लावून आम्ही आता त्या उजेडापासून झोप राखतो.

दुसरीकडं, भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांत आमच्या शहरातल्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे. मे संपता संपता, वळवाचा एखादा शिडकावा झाला की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात घाटघर, पांजरे, मुतखेल, उडदावणे या बाजूला हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशी झाडं रात्री उजळायला लागतात. हा उजेड विलक्षण आहे. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य प्राणवायूशी जुळतं, ल्युसिफेरेज त्याला मदत करतं आणि उष्णता जवळजवळ न निघता उजेड निघतो. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बला हे कधीच जमलं नाही. त्याची बहुतेक वीज तापण्यातच जायची. नर उडत उडत चमकतो, मादी पानावरून उत्तर देते. पावसानं जोर धरला की सगळं आटोपतं. त्या दोन-तीन आठवड्यांत जे जुळलं ते जुळलं.

तिथं शनिवारी रात्री जाऊन पाहावं. घाटात गाड्यांची रांग, प्रखर हेडलाइट, मोबाइलच्या बॅटऱ्या. ज्या मादीनं मिणमिणतं उत्तर द्यायचं, तिचं उत्तर कुणाला दिसणार? आम्ही ज्यांच्याकडं उतरलो होतो त्या महादेव कोळी मावशींनी भाकरी वाढता वाढता सांगितलं, “तुमी आलं की आमचं चार पैशाचं होतंय, नाय कशाला म्हणू? पण गाडी गावातच ठेवा न् बॅटरी खिशात. काजवं काय पळून जात न्हाईत.” मग त्यांचा मुलगा आम्हाला पायी घेऊन गेला. रस्ता पायाला माहीत असल्यासारखा चालत होता. आमच्यातल्या एकानं सवयीनं मोबाइल पेटवला, तेव्हा तो नुसता वळून बघत उभा राहिला. मोबाइल खिशात गेल्यावरच पुढं निघाला. अशा मार्गदर्शकाला मी कुठल्याही प्रकाशप्रदर्शनाचा दिग्दर्शक नेमायला तयार आहे. वन खातंही आता वेळ आणि वाहनं यांवर बंधनं घालतं, ते चांगलंच. पण काजव्यांचा पाऊस आणि आपला पाऊस एकच आहे. वळीव लांबला की त्यांचं घड्याळ चुकतं. आणि मराठवाड्यात राहणाऱ्याला पावसाच्या लहरींबद्दल काय सांगायचं? २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात पुरानं शेतातली माती वाहून नेली.

सह्याद्रीच्या त्याच पट्ट्यात, जव्हार-मोखाड्याकडं आणि नाशिकच्या आदिवासी गावांत, बोहाडा होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठमोठे मुखवटे चढवून एकेक सोंग रात्री गावातून नाचत येतं. आधी गणपती, सरस्वती, मग देव, दैत्य. पहाटेला जगदंबा आणि महिषासुराची लढाई. संबळ वाजतो, पिपाणी वाजते. मुखवट्यापुढं मशाल असते. मशालीची ज्योत हलते म्हणून मुखवट्याची सावली हलते, म्हणून लाकडाच्या डोळ्यांत जीव येतो. आता पुष्कळ ठिकाणी हॅलोजन लागतात. हॅलोजनखाली मुखवट्याचा ऑइलपेंट दिसतो, देव दिसत नाही. हे मत माझं. गावच्या पोरांना हॅलोजन आवडतो, त्याच्याखाली मोबाइलवर शूटिंग चांगलं येतं, आणि सण त्यांचा आहे, माझा नाही.

तळकोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चामड्याच्या बाहुल्या जपल्या आहेत. पांढऱ्या पडद्यामागं दिवा, दिव्यापुढं कातड्याच्या रंगीत बाहुल्या, पडद्यावर रामायण. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयानं ही कला टिकली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या गुरांच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलं. आज प्रोजेक्टर लावून भिंतीवर हलती चित्रं दाखवणारे कलावंत ज्याला नवं माध्यम म्हणतात, त्याचं सगळं व्याकरण त्या गोठ्यात आहे: उजेडाचा उगम लपवायचा, आकृती मध्ये धरायची, उरलेला काळोख तसाच ठेवायचा.

आता पुन्हा पक्ष्यांकडं. पैठणचा नाथसागर जलाशय शहरापासून पन्नास किलोमीटर. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं रोहित येतात आणि पट्टकादंब येतात. अजिंठ्यातल्या हंसांमध्ये काही अभ्यासकांना हेच पट्टकादंब दिसतात. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी उंच डोंगरावरचा प्रवास बहुतेक रात्री आणि पहाटे करतो, हे शास्त्रज्ञांनी त्याच्या अंगावर यंत्रं बसवून पाहिलं आहे. रात्रीची हवा थंड, दाट, पंखांना धार्जिणी. त्याच जलाशयावर तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. कोळशाचा धूर कमी करायचा तर सूर्याची वीज हवीच. मी त्या विजेच्या बाजूचा आहे. पण पाण्यावर पोट असलेल्या कहार समाजानं आणि पक्ष्यांची काळजी असणाऱ्यांनी हरकत घेतली. हरित लवादानं ती ऐकली नाही, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही नाही. हवामान वाचवायच्या कामात पाखरं आणि मासेमार आड येतात, असं न्यायालयात म्हणायची वेळ यावी, हे अवघड झालं आहे. हंसजातकातला राजा निदान फासात सापडलेल्याचं बोलणं ऐकून घेतो.

सुदैवानं उलट दिशेचं एक काम महाराष्ट्रातच झालं आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली; आशियातलं ते पाचवं. त्यासाठी जंगलाच्या काठच्या सिल्लारी, खापासारख्या गावांतले शंभरावर दिवे बदलले. दिवे काढले नाहीत, त्यांची तोंडं खाली वळवली. रस्त्यावर उजेड तेवढाच राहिला, आकाशात जाणारा थांबला. जुन्या गावगाड्यात पीक निघालं की खळ्यावर प्रत्येकाचा वाटा ठरलेला असे. सुतार, लोहार, चांभार, कुणी मोकळ्या हातानं परत जायचं नाही. उजेडाच्या सुगीत अंधाराचा वाटा कुणीतरी काढून ठेवायला हवा होता. पेंचच्या लोकांनी तो काढला.

मग आपल्या शहरानं काय करावं? दिवाळीचे आकाशकंदील उतरवा, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर घरचेच ऐकणार नाहीत. पुढच्या वेळी वेरूळ-अजिंठा महोत्सव भरेल तेव्हा त्यातली एक संध्याकाळ छद्दंताला आणि रुरूला द्यावी. सोनेरी महालाच्या भिंतीवर, एकाच प्रोजेक्टरनं, बाकी सगळे दिवे मालवून. कन्नड-सोयगावच्या भिल्ल आणि ठाकर मंडळींना आधी विचारावं, की तुमच्याकडं या डोंगराची, वाघाची, बिबट्याची कोणती गोष्ट आहे, आणि ती तुम्ही कशी सांगाल. त्यांना पाहुण्या गायकाला देतात तसं ठरवून मानधन द्यावं. पिंगुळीच्या बाहुल्या बोलवाव्यात. झाडांवर एकही माळ नको. फर्दापूरच्या केंद्राची थकबाकी भरून तिथंही वर्षातून काही रात्री असे प्रयोग करावेत. पेंचसारखे खाली तोंड असलेले दिवे निदान हिमायतबाग आणि सलीम अली सरोवराच्या कडेनं तरी बसवावेत. कार्यक्रम रात्री दहाला संपवावा आणि दिवे खरोखर बंद करावेत.

हेच मुद्दे अर्ज म्हणून महापालिकेकडं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं देतो आहे. एकट्याच्या अर्जाचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. या शहरात राहत असाल, तर खाली तुमचीही सही करा.